गच्चीवरचं गरम पाणी

माझ्या आईचा जाहीर विरोधक आमच्याच घरात राहत होता आणि रोज सकाळी तिच्याच हातचा डबा घेऊन कामावर जात होता. हा विरोधक म्हणजे माझे वडील.

आई, मालिनी ताम्हाणे, बदलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. बाबा, श्यामकांत ताम्हाणे, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलर विभागाचे अधिकारी. "मी वर्गात वातावरण शिकवते आणि हे दिवसभर त्यात धूर सोडतात," असं आई पाहुण्यांना सांगायची. बाबा शांतपणे दुरुस्ती करायचे, "धूर नाही, वाफ. त्या वाफेवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात." ऐकणारे हसायचे. पण त्या दोघांचं म्हणणं नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांत पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या अधूनमधून येऊ लागल्या. आईने ते वर्गात शिकवायला घेतलं. काचा बंद करून उन्हात उभी केलेली मोटार आतून कशी तापते, तसंच कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातला वायू उष्णता अडवून धरतो, असं ती मुलींना सांगायची. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की बाई पुस्तकात नसलेलं शिकवतात, आणि कारखान्यांविरुद्ध शिकवतात. आईने त्या गृहस्थांना वर्गात येऊन बसायचं आमंत्रण दिलं. ते खरंच आले, तासभर मागच्या बाकावर बसले आणि जाताना म्हणाले, "पटलं नाही बाई, पण ऐकायला बरं वाटलं." आईला एवढंही पुरेसं होतं.

नुसतं शिकवून तिचं समाधान होईना. तिने सरकारी सवलतीत मिळणारी सूर्यचूल आणली. काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ घालून ती पेटी अंगणात उन्हाच्या दिशेने फिरवत ठेवायची. चांगलं ऊन असलं की डाळ लोण्यासारखी शिजायची, आणि आभाळ आलं की आम्ही दाताखाली कचकच करणारी डाळ खायचो. बाबा दोन्ही प्रकारची डाळ निमूटपणे खायचे. "यावर घर चालतं, गाव चालत नाही," एवढंच एकदा म्हणाले.

गावातलं एक प्रसूतिगृह एका ट्रस्टतर्फे चालायचं. कर्जतपासूनच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बायका बाळंतपणाला तिथे यायच्या. आई त्या ट्रस्टच्या कार्यकारिणीवर होती. बाळंतिणींना आणि बाळांना लागणारं सगळं गरम पाणी मागच्या खोलीतल्या लाकडाच्या बंबावर तापायचं, आणि ते काम तुळशीबाईकडे असायचं. तुळशीबाई तिथली दाई, जवळच्या खरवई गावची. पहाटेच्या गाडीने आलेल्या बाईला दुपारपर्यंत मोकळी करून घरी भात लावायला जाणारी, कामाला वाघीण. पण त्या बंद खोलीत ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लाल असायचे आणि खोकला काही केल्या जायचा नाही.

"लाकडं तरी सुकी मिळतात का?" आईने एकदा विचारलं.

"मिलायची. आता डोंगरावं र्‍हायलंय काय, बाई? जवलचं सगलं सरलं. आता लांबना आनतान, आनि वल्लीच आनतान."

आईने तिथेच ठरवलं की प्रसूतिगृहाच्या गच्चीवर सूर्याच्या उन्हावर पाणी तापवणारं यंत्र बसवायचं. काचेखाली काळ्या पत्र्याच्या पेट्या, त्यांत तांब्याच्या नळ्या, वर टाकी. पुण्यात काही इमारतींवर तिने ते पाहिलं होतं.

नेमक्या त्याच वर्षी ट्रस्टला एक मोठी देणगी आली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तलरेजाशेठचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. त्यांची सून अडली असताना आमच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टर सुनंदाताईंनी तिला आणि बाळाला वाचवलं होतं. शेठनी उपकाराची जाण ठेवून पैसे दिले आणि त्यांचं काय करायचं ते गावाने ठरवावं म्हणून सांगितलं. कार्यकारिणीतल्या बहुतेकांना डिझेलचा जनरेटर हवा होता. आईला सूर्याचं पाणी हवं होतं. एकमत होईना. गावातल्या साप्ताहिकात पत्रं छापून यायला लागली. कोणी लिहिलं, पृथ्वी तापते हे श्रीमंत देशांचं थोतांड आहे, आपण अजून नीट दिवेही लावलेले नाहीत. कोणी लिहिलं, डोंगर बोडके झालेले दिसत नाहीत का. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष दिनानाथ प्रधान, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, त्यांनी शाळेच्या सभागृहात जाहीर सभा बोलावली. यंत्रातलं कळणारा माणूस म्हणून त्यांनी बाबांनाही मत मांडायला बोलावलं.

त्या रविवारी आईबाबा घरातून एकत्रच निघाले. आईने निळी इरकल नेसली होती. सभागृहाच्या दारात बाबा म्हणाले, "मी तुझी बाजू घेणार नाही, माहीत आहे ना?"

"घेतलीत तर लोकांना वाटेल मी घरी दम दिला," आई म्हणाली आणि आत गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. पाठीमागे लोक उभे होते. आई आधी बोलली. तिने तुळशीबाईच्या डोळ्यांपासून सुरुवात केली, डोंगरावर आली आणि मग जगाच्या हवेपर्यंत गेली. "आपलं प्रसूतिगृह केवढंसं, त्याने जगाला काय फरक पडणार, असं तुम्ही म्हणाल. पण इथे जन्मणारी मुलं पुढची साठ-सत्तर वर्षं याच हवेत राहणार आहेत. त्यांची पहिली आंघोळ धुराशिवाय व्हावी, एवढंच मागते आहे."

टाळ्या पडल्या. मग बाबा उठले. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. ते कारखान्यात सूचना देतात तसेच बोलले.

"पृथ्वी तापते आहे की नाही यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. असेल तर तापत असेल. पण संशयावर दुसर्‍याचे पैसे लावू नयेत, असं मला वाटतं. दुसरं, पावसाळ्यात हे यंत्र झोपणार. आणि तिसरं, आपल्या बोअरचं पाणी जड आहे. घरच्या पातेल्यात पांढरा थर धरतो, तो तुम्ही सगळे बघता. तोच थर या बारीक नळ्यांत बसला की यंत्र संपलं. यावर मालिनीबाईंचं उत्तर काय आहे?"

सभेत ते तिला मालिनीबाई म्हणाले, म्हणून काही लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "घरचं भांडण घरी मिटवा की."

आई माइकजवळ गेली. "घरात आमचं भांडण नाही. घरात आम्ही जेवतो. मतभेद गावाच्या कामाबद्दल आहे, म्हणून तो गावासमोर आहे." मग ती बाबांकडे वळली. "थराबद्दल तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही."

सभा जरा गोंधळली. एवढं सरळ कबूल करणारा वक्ता लोकांनी पाहिला नव्हता. तेवढ्यात सुनंदाताई उठल्या. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि टेबलावरच्या बाईचं पोट टॉर्चच्या उजेडात शिवावं लागलं, तो प्रसंग त्यांनी सांगितला. 

आई पुन्हा उठली. "सुनंदाताईंच्या त्या दिव्यापुढे माझं काही म्हणणं नाही. शेठजींच्या देणगीतून जनरेटर घ्या. माझाही हात वर आहे." तिने खरंच हात वर केला. "मला फक्त गच्ची द्या. यंत्राचे पैसे मी उभे करीन."

हेसुद्धा बाबांना मान्य नव्हतं. ते म्हणाले, "घाईने बसवलेलं यंत्र बंद पडलं, तर या गावात पुढची कित्येक वर्षं कोणी सूर्याचं नाव घेणार नाही. माझा विरोध त्यासाठी आहे." अण्णांनी मतदान घेतलं. गच्ची द्यावी म्हणणारे हात थोडेसेच जास्त भरले. बाबांचा हात विरोधात होता. परतताना दोघं कोपर्‍यावरच्या दुकानात उसाचा रस प्यायला थांबले, तेव्हा ओळखीचे लोक त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग आईचे रविवार पैसे गोळा करण्यात जायला लागले. ती शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या गल्ल्यांत फिरली, शिलाई मशिनींच्या खडखडाटात उभी राहून सूर्याबद्दल बोलली. खरवईत तुळशीबाईबरोबर घरोघरी गेली. ती तलरेजाशेठकडेही गेली, तेव्हा त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला आणि म्हणाले, "बहनजी, मीटिंग में तो आप मान गयी थीं. फिर कैसे आना हुआ?"

"जनरेटर मान्य केला, शेठजी. सूरज सोडला नाही."

शेठ खूप हसले. "साहब आपके खिलाफ बोले, आप साहब के खिलाफ बोलीं, और दोनों साथ में घर गये. मेरी दुकान में दो पार्टनर ऐसे मिल जायें तो मैं राजा हो जाऊँ." त्यांनी स्वतः मदत दिली आणि शेजारच्या चार कारखानदारांकडे आईला घेऊन गेले. पण खरी भर पडली ती बायकांकडून. प्रसूतिगृहात मोकळ्या झालेल्या बायका आपापल्या ऐपतीप्रमाणे देऊन गेल्या. कोणी तांदूळ दिले, कोणी कोंबडी दिली. आईने ते विकून पैसे उभे केले.

यंत्र बसलं तेव्हा हिवाळा होता. तुळशीबाईने नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. सगळ्या बायका हसल्या. साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला. आईने तो शाळेच्या फलकावर लावला. बाबांनी चहा घेता घेता तो अंक पूर्ण वाचला आणि घडी घालून ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात बंब पेटवावा लागला, ते सगळ्यांना अपेक्षितच होतं. पण पाऊस संपला, लख्ख ऊन पडलं, तरी पाणी कोमटच राहिलं. मग तेही येईना. कंपनीचा माणूस आला, त्याने एक नळी कापून दाखवली. आत चुन्यासारखा पांढरा थर घट्ट बसला होता. जेमतेम काडी जाईल एवढी जागा उरली होती.

साप्ताहिकाने मथळा दिला, 'बदलापुरात सूर्य थंड पडला'. बाजारात लोक आईला थांबवून विचारायला लागले. काहीजण खरोखर हळहळत होते, काहींना मजा वाटत होती. आईला गप्प बसता आलं असतं. तिने अण्णांना सांगून पुन्हा तीच सभा, त्याच सभागृहात बोलावली.

या वेळी ती फार थोडं बोलली. "यंत्र बंद पडलं आहे. श्यामकांत ताम्हाण्यांनी याच जागी उभं राहून सांगितलं होतं की नळ्यांत थर बसेल. ते बरोबर होते. मी उत्तर न शोधता पुढे गेले, ही माझी चूक. तुमचे पैसे मी वाया जाऊ देणार नाही. ज्याला काही उपाय सुचत असेल त्याने सांगावा, मी शिकायला तयार आहे."

मी शेवटच्या रांगेत बसले होते. कॉलेजात जाणारी मुलगी मी, लोक आता तिला हसतील या विचाराने मान खाली घालून बसले होते. कोणी हसलं नाही. पहिली टाळी तलरेजाशेठनी वाजवली. मान वर करून मी आईकडे पाहिलं, ती सरळ उभी होती, आणि त्या क्षणी मला वाटलं की ही आपली आई आहे म्हणून सगळ्यांना ओरडून सांगावं.

 पुढच्या रविवारी सकाळी बाबा कारखान्यातल्या दोन फिटरना घेऊन प्रसूतिगृहाच्या गच्चीवर चढले. आई मागोमाग गेली.

"तुमचं मत बदललं?" तिने विचारलं.

"नाही. पण यंत्र बंद पडलेलं मला बघवत नाही," बाबा पेटीची काच उतरवत म्हणाले. "आणि चूक आपली म्हणून एवढ्या लोकांपुढे सांगताना मी आमच्या कारखान्यात कोणाला पाहिलेलं नाही. मीही कधी सांगितलेली नाही."

त्यांनी आम्लाचं पातळ पाणी फिरवून नळ्या धुतल्या. पण धुण्याने प्रश्न सुटणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. मग दोघंही जेवणाच्या टेबलावर आकृत्या काढायला बसू लागले. बॉयलरमध्ये जड पाणी घालत नाहीत, आधी ते मऊ करून घेतात. तेच इथे करायचं ठरलं. उन्हाच्या पेट्यांत मऊ केलेलं पाणी एकदाच भरायचं आणि तेच आतल्या आत फिरत ठेवायचं. टाकीच्या पोटात तांब्याचं वेटोळं बसवायचं. त्या वेटोळ्यातून हे तापलेलं पाणी फिरेल आणि वेटोळ्याबाहेरचं, टाकीतलं बोअरचं पाणी तापवेल. थर बसला तर टाकीत बसेल, तिथे हाताने खरवडता येईल. आई प्रश्न विचारायची, बाबा चिडायचे, पुन्हा खोडून काढायचे. वेटोळं कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये रीतसर परवानगी घेऊन तयार झालं.

पाणी पुन्हा कढत आलं आणि येतच राहिलं. पावसाळा सोडला तर बंबाची खोली बंद झाली. तुळशीबाई दर महिन्याला टाकीचं झाकण उघडून वेटोळं खरवडायची आणि निघालेली भुकटी बाबांना दाखवायला पुडीत बांधून ठेवायची. तिचा खोकला हळूहळू कमी झाला.

सत्त्याण्णव साली जपानमध्ये जगभरातले देश पृथ्वी तापण्याच्या प्रश्नावर चर्चेला जमणार होते. तेव्हा अंबरनाथमध्ये कारखान्यांच्या अधिकार्‍यांची एक सभा झाली. तिथे काय घडलं ते आम्हाला बाबांनी सांगितलं नाही, त्यांच्या सहकार्‍यांकडून कळलं. एक वक्ते पर्यायी ऊर्जेत पैसे गुंतवणं म्हणजे कसं खूळ आहे ते सांगत होते. उदाहरण म्हणून ते म्हणाले, "जवळच, बदलापूरला, एका प्रसूतिगृहात हा प्रयोग झाला. भावनेच्या भरात केलेल्या गोष्टी अशाच बंद पडतात."

बाबा उठून उभे राहिले. "मी श्यामकांत ताम्हाणे. त्या प्रयोगाला मी जाहीर सभेत विरोध केला होता, हात वर करून. तो बंदही पडला होता. आज तो चालू आहे, कारण माझ्या पत्नीने चूक कबूल केली आणि काम सोडलं नाही. तुमची माहिती जुनी आहे. पटत नसेल तर आत्ता चला, रिक्षाने फार वेळ लागणार नाही."

वक्त्यांनी विषय बदलला. पण सभा संपल्यावर पंधरा-वीस अधिकारी खरंच रिक्षा करून निघाले. आई तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी तुळशीबाई धावत आमच्या घरी आली.

"बाई, आज गच्चीवं सगलं सुटाबुटातलं मानूस. मना वाटलं पोलिसंच आली. सायबांनी एकेकाचा हात धरून नलाखाली नेला. येक जन चटका बसून कसा नाचला, काय सांगू."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"मना म्हनलं, तुळशीबाई, तुमीच सांगा यान्ला. मंग मी सांगितलं. धूर सांगितला, लाकडं सांगितली, टाकीन उतरून खरवडतो ती सांगितली. वहीन लिवून घेतलं त्यांनी."

"पृथ्वीबद्दल काही बोलले का?"

तुळशीबाईने आठवून पाहिलं. "नाय बा. पिरथीचा काय नाय बोललं."

आई पदराने डोळे टिपत हसत राहिली.

पुढच्या वर्षी बाबांच्या कारखान्याने कँटीनच्या गच्चीवर पाण्याचं असंच यंत्र बसवलं, वेटोळ्यासकट. व्यवस्थापकांनी उद्घाटनाला आईला बोलावलं. इतक्या वर्षांत ती कारखान्याच्या फाटकातून पहिल्यांदाच आत गेली. पाळी संपवून आलेले कामगार, पाळीवर जाणारे कामगार, सगळे कँटीनसमोर जमले होते. बाबा त्यांच्या खाकी कपड्यांत एका बाजूला उभे होते.

व्यवस्थापक प्रास्ताविकात म्हणाले, "आम्ही हा निर्णय निव्वळ इंधनाची बचत म्हणून घेतला आहे. पृथ्वी तापण्याचा वाद आम्ही शास्त्रज्ञांवर सोडतो."

आईने माइक घेतला. "वाद शास्त्रज्ञांवर सोडू नका, साहेब. करत राहा. मी माझी बाजू दहा वर्षं मांडते आहे आणि अजून मांडणार आहे. पण माझ्या बाजूने बोलणार्‍यांनी हे यंत्र दुरुस्त केलं नाही. ते विरोधात बोलणार्‍या माणसाने केलं." तिने बाबांकडे पाहिलं. कामगारांनी वळून पाहिलं. बाबा गोरेमोरे झाले आणि हातातली फीत कापायची कात्री उगाचच पुसत राहिले.

मग आईने नळ सोडला. तेलाने काळे झालेले हात घेऊन एक वेल्डर पुढे आला, साबण चोळला आणि त्या पाण्याखाली हात धरून उभा राहिला. त्याच्या मागे रांग लागली.